पलंगावरच्या पर्सा

रविवारची प्रार्थना आटोपून अकरा बायका अर्लीनबाईंच्या घरी जेवायला जमल्या होत्या. लांबलचक टेबलावर राजम्याचं झणझणीत कालवण, मक्याचा पाव, अंड्यांच्या भरलेल्या फोडी असा थाट होता. आणि त्या अकराही जणींचे कोट आणि पर्सा आतल्या खोलीत अर्लीनबाईंच्या पलंगावर पडल्या होत्या. त्या गावात थंडीच्या दिवसांत कुणाकडेही जा, असंच होतं. यजमानीण दारातच म्हणते, "कोट टाक गं पलंगावर," आणि कोटामागोमाग पर्सही तिथेच जाते. यात काही वावगं आहे असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं.

शेल्बी प्रुइटलाही नाही. आणि शेल्बी तर जपणारी आई म्हणून गावात प्रसिद्ध! तिची हॅटी चार वर्षांची झाली तरी द्राक्षं चार फोडी करूनच तिच्या ताटात पडायची. घरातल्या विजेच्या प्रत्येक भोकाला झाकण. गाडीत बसवताना पट्टा एकदा ओढून समाधान व्हायचं नाही, दोनदा ओढायचा. नवरा मालट्रक घेऊन आठ-आठ दिवस बाहेर, त्यामुळे घराची सगळी राखण तिच्या एकटीच्या डोळ्यांवर.

त्याच शेल्बीच्या पर्समध्ये, च्युइंगम आणि बेदाण्यांच्या डबीशेजारी, भरलेलं पिस्तूल होतं.

ते तिथे हौसेनं आलेलं नव्हतं. शेल्बी घरोघर फिरून आजाऱ्यांची मलमपट्टी करणारी परिचारिका. दीड वर्षापूर्वी एका दुपारी, वस्तीपासून लांब खडीच्या रस्त्यावर, एका अनोळखी माणसानं आपली गाडी आडवी घालून तिची वाट अडवली होती. तो उतरला आणि तिच्या गाडीचा दरवाजा ओढू लागला. दरवाजे आतून बंद होते म्हणून ती वाचली. त्यानं काचेवर दगड घातला, काच तडकली, तेवढ्यात मागून कुणाचा तरी ट्रॅक्टर आला आणि तो पळाला. शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या, माणसाला पोचायला चाळीस मिनिटं लागली. त्याचाही दोष नव्हता. एवढ्या मोठ्या परगण्याला त्या दिवशी दोनच गाड्या होत्या.

ती चाळीस मिनिटं शेल्बी विसरली नाही. तिनं पिस्तूल घेतलं, अर्लीनबाईंकडे रीतसर शिकली, परवाना काढला. अर्लीनबाई स्वतः तेवीस वर्षं शेरीफच्या कचेरीत होत्या. "कमरेला लाव, अंगाला लाव," असं त्यांनी वर्गात बजावलं होतं. पण परिचारिकेच्या ढगळ विजारीला नुसतं इलॅस्टिक. त्यावर पिस्तूल लावलं की विजारच खाली. मग पर्स बरी! जवळच तर असते, असं तिनं मनाला समजावलं.

"शेल्बी, तुझ्या पावात गोड काय टाकलंयस गं?" टेबलाच्या पलीकडून मिस्टीनं विचारलं. मिस्टी म्हणजे तिची शाळेपासूनची मैत्रीण, तोंडानं फटकळ.

"काकवी."

"तरीच! मला वाटलं साखर सांडली."

बायका हसल्या. शेल्बीही हसली. आणि हसता हसता तिच्या कानांवर दुसरंच हसू आलं. मुलांचं. मुलांना अंगणात खेळायला सोडलं होतं, पण हे हसू अंगणातून येत नव्हतं. बाहेर वारा सुटला म्हणून पोरं केव्हाची घरात आली होती, आणि आतल्या खोलीत कोटांच्या ढिगात उड्या मारत होती.

शेल्बीचा चमचा वाटीतच राहिला. बेदाणे! हॅटीला भूक लागली की ती कुणाला विचारत नसे. सरळ आईच्या पर्सेत हात घाली. ती सवय शेल्बीनंच लावलेली.

ती उठली. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून सांगणार काय? कोण शस्त्र बाळगतं हे त्या गावात कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. बाईला वजन विचारू नये, तसंच ते. लपवून बाळगायचं म्हणजे लपवूनच! म्हणून तिनं चेहरा नीट केला आणि म्हणाली, "आलेच हं, जरा बाथरूमला."

"अगं, आधी काकवी किती टाकतेस ते सांग," मिस्टीनं तिचा हात धरला.

"एक वाटी."

"वाटी म्हणजे लहान की मोठी?"

आणि शेल्बी थांबली! पाय पळायला निघालेले, आणि ती उभी राहून वाटीचं माप सांगत होती. वाईट दिसायला नको म्हणून. अर्धं मिनिट गेलं. आपणही अशा जागी थांबलोच असतो, हे कबूल करायला हवं.

ती खोलीच्या दारात पोचली तेव्हा दोन मुलं पलंगावरून खाली घसरत होती आणि हॅटी ढिगावर मांडी घालून बसली होती. मांडीत तपकिरी पर्स. पर्सेत कोपरापर्यंत हात. बाजूला काढून ठेवलेला चष्मा आणि लिपस्टिक.

चष्मा शेल्बीचा नव्हता. पर्सही नव्हती.

"मम्मी, बेदाणे नाहीत," हॅटी म्हणाली. "इथे एक पिस्तूल आहे खेळण्यातलं. निळं निळं."

पर्सेच्या तोंडाशी फिरोजी रंगाची मूठ दिसत होती आणि तिच्याभोवती चार वर्षांची बोटं. बायकांसाठी म्हणून असे गोड रंग निघतात. दुकानात शेल्बीलाही तो आवडला होता.

धावावं तर पोर दचकेल. ओरडावं तर हाताची मूठ आवळेल. मग तिला हॅटीचा लाडका खेळ आठवला, चोर-शिपाई.

"हॅटी, हात वर!" ती शिपायाच्या आवाजात म्हणाली.

हॅटी खिदळली. दोन्ही हात वर गेले. रिकामे!

शेल्बीनं झेप घेऊन लेकीला उचललं आणि मगच तिच्या घशातून आवाज फुटला. असा, की टेबलाभोवतीच्या दहाही जणी धावत आल्या.

दुखरे गुडघे धरत अर्लीनबाई पुढे आल्या. एका नजरेत त्यांना काय झालं ते कळलं. त्यांनी पर्स उचलली, पिस्तुलाचं तोंड कोपऱ्याकडे करून गोळ्या बाहेर काढल्या आणि शांतपणे विचारलं, "कुणाचं?"

मिस्टीचा चेहरा पांढरा पडला. भ्यायली की ती चिडते. "तुझ्या पोरीनं माझ्या पर्सेत हात घातलाच कसा गं? दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, हे शिकवत नाहीस का तिला?"

"चार वर्षांची आहे ती, मिस्टी!"

"चारची असो नाहीतर चाळीसची—"

"माझंही तिथेच आहे," शेल्बी म्हणाली.

"काय तिथेच?"

"माझं पिस्तूल. तुझ्या कोटाखाली. तुझा बंटीही इथेच उड्या मारत होता."

मिस्टी मटकन पलंगाच्या कडेवर बसली. मग ती पुटपुटली, "देवा रे."

अर्लीनबाईंनी मुलांना बाहेर काढलं, दार लावलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आता लाजायचं नाही. या पलंगावर आणखी कुणाचं आहे?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग खिडकीपाशी एक हात वर गेला. मग दाराशी आणखी एक. पाद्रीबुवांच्या बायकोचा!

"तुम्हीसुद्धा?" कुणीतरी म्हणालं.

"मी तर घर सांभाळत एकटी असते ना," ती बिचारी लाल होऊन म्हणाली.

अकरा जणींत चार पिस्तुलं. रविवारच्या जेवणाला. एकाच पलंगावर, आणि त्यावर पोरं नाचत होती.

"मी उद्याच ते टाकून देते," शेल्बीला रडू कोसळलं. "मला नको. आज माझ्यामुळे... मला आई म्हणवायची लाज वाटते. मी ते बाळगलं ते हिला वाचवायला, आणि—"

"टाकून देशील?" अर्लीनबाई म्हणाल्या. "मग त्या खडीच्या रस्त्यावर पुन्हा कुणी उभा राहिला तर? पोरी, तेवीस वर्षं मी शेरीफची गाडी चालवली. तुला माहीत नसेल, आम्ही बहुतेक वेळा सगळं झाल्यावर पोचतो. वही-पेन घेऊन. बाईनं स्वतःला वाचवलेलं असलं तर तिचा जबाब लिहून घेतो. नसलं तर शेजाऱ्यांचा. स्वतःचा जीव राखायचा हक्क तुझा आहे, तो कुणी काढून घेत नाहीये. तूच कशाला टाकतेस?"

"पण मग हे आज—"

"हे हक्कामुळे नाही झालं, पर्समुळे झालं. पर्स आपण खुंटीला लावतो, दुकानातल्या गाडीत ठेवतो, मैत्रिणीला म्हणतो, जरा धर गं. पर्स खाली ठेवता येते, अंग खाली ठेवता येत नाही. म्हणून सांगितलं होतं, अंगाला लाव. आणि अंगावर नसेल तेव्हा कुलपात. तिसरी जागाच नाही!"

"माझ्या विजारीला पट्टा बसत नाही," शेल्बी स्फुंदत म्हणाली.

"हे तू मला वर्गातच का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

अर्लीनबाई पलंगाकडे पाहत म्हणाल्या, "तुम्हा चौघींनाही मीच शिकवलं. कोण बाळगतं हे मला माहीत होतं. तरी तीस वर्षं दारात उभी राहून म्हणतेय, टाका पलंगावर. विचारलं नाही. मलाही वाईट दिसलं असतं ना! आज चार वर्षांच्या पोरीचा जीव आपल्या साऱ्यांच्या सभ्यपणापायी गेला असता, बायांनो."

मिस्टीनं शेल्बीचा हात हातात घेतला. "तुला काकवीचं माप विचारत बसले मी," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

त्याच आठवड्यात चर्चच्या मागच्या खोलीत चौघी जणी अर्लीनबाईंपुढे उभ्या होत्या. पिस्तुलं रिकामी, गोळ्या घरी. पोटाभोवती बांधायचा रुंद कापडी पट्टा, त्यात चाप पूर्ण झाकणारं कडक म्यान; ढगळ विजारीवरही तो घट्ट बसला. शेल्बी खाली वाकली, हॅटीला उचलल्यासारखं करून पाहिलं, धावून पाहिलं. हललं नाही. मिस्टी आरशात पाहून म्हणाली, "आणखी जाड दिसते मी यात." अर्लीनबाई म्हणाल्या, "जिवंतही दिसतेस." घरासाठी प्रत्येकीनं आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी घेतली. आणि हॅटीच्या वयाच्या साऱ्या मुलांना एकच धडा घोकून घोकून शिकवला: पिस्तूल दिसलं, थांब. हात लावू नकोस. पळ. मोठ्यांना सांग.

एवढ्यानं शेल्बीचं समाधान व्हायला हवं होतं. पण एक गोष्ट उरली होती, आणि तीच सर्वांत अवघड होती.

शनिवारी हॅटीला एका घरी खेळायला बोलावलं होतं. नवं कुटुंब, नुकतंच गावात आलेलं. आईचं नाव विवियन, ओळख म्हणावी तर शाळेच्या फाटकापुरती. शुक्रवारी शेल्बीनं फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. काय म्हणेल ती? आगाऊ आहे, म्हणेल. आमच्यावर संशय घेते, म्हणेल.

शेल्बीला काकवीच्या मापात गेलेलं ते अर्धं मिनिट आठवलं. तिनं नंबर लावला.

"विवियन, मी हॅटीची आई. ती उद्या येतेय, खूप खूश आहे. तिला शेंगदाणे चालतात, मांजराचाही त्रास होत नाही. आणि एक विचारू? राग मानू नका. माझ्याकडे पिस्तूल असतं, म्हणून मी आता सगळ्यांनाच विचारते. तुमच्या घरात आहे का, आणि असलं तर कुलपात आहे का?"

शेल्बीचे कान तापले. आता ठेवणार ही फोन!

"थांबा हं," विवियन म्हणाली.

पावलं ऐकू आली. जिन्यावरून वर. कप्पा ओढल्याचा आवाज. मग कसलीशी खणखण, आणि पावलं खाली.

"आता आहे," विवियन म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "शेल्बी... बरं झालं विचारलंत. यांच्या उशाच्या कप्प्यात होतं. माझा मुलगा कोल रोज त्या पलंगावर उड्या मारतो."

स्वतःला आणि आपल्या लेकरांना वाचवण्याचा हक्क प्रत्येकाचा आहे, आणि तो ज्याला बजावायचा आहे त्यानं ताठ मानेनं बजावावा. पण शस्त्र ज्याचं, त्याच्या अंगावर, नाहीतर त्याच्या कुलपात! आणि दुसऱ्याच्या दारात लेकरू सोडताना तो एक प्रश्न विचाराच. विचारणाऱ्याला क्षणभर अवघड वाटतं. न विचारणाऱ्याला जन्मभर वाटू शकतं.