दोन अक्षरं गाळलेली चादर

मी एक जुनी चादर आहे, मित्रांनो. पण माझ्यावर आजवर कोणी झोपलेलं नाही. उशी कशी असते ते मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे तो वारा, ढोलाचा दणका आणि हजार गळ्यांतून एकदम उठलेलं गाणं. अगदी परवापर्यंत मी नेदाच्या घरी लाकडी पेटीत, कसर लागू नये म्हणून घातलेल्या अक्रोडाच्या वाळक्या पानांत घडी घालून पडले होते. माझ्या घड्या विरल्या होत्या. मला पुन्हा वाऱ्यात उंच चढवलं तर माझ्या चिंध्या होतील, हे नेदा जाणून होती. आणि नाही चढवलं तर मी पेटीतल्या पेटीत विरून जाईन, हेही तिला कळत होतं. या दोन भीतींच्या कात्रीत तिचा जीव सापडला होता. तो कसा सुटला, ते आज सांगते.

माझा जन्म स्लीवेन या कापडगिरण्यांच्या शहरातला. नेदाची आई वेलिका दिवसभर कापडगिरणीत राबायची. घरी आली की कपाटाच्या दाराआड लपवलेल्या देवाच्या तसबिरीपुढे दिवा लावायची, कारण तेव्हाच्या सरकारला देवधर्म खपत नसे, आणि मग स्वतःच्या मागावर बसायची. शुक्रवारी मात्र ती धोट्याला हात लावत नसे. शुक्रवारी सूत हाताळलं तर संत पेत्का दुखावते, असं तिच्या आईने सांगितलं होतं आणि तिने ते जन्मभर पाळलं. घरच्या मागाचा पन्हा अरुंद असतो. म्हणून तिने दोन पट्टे विणले, मधोमध शिवून एक केले आणि कडेला तांबडी नक्षी घातली. मी नेदाच्या रुखवतातली चौथी चादर.

पण नेदाचं चित्त रुखवतात नव्हतं. त्या काळी पोरापोरींच्या तोंडी एकच नाव होतं, 'वोदेनित्सा'. वोदेनित्सा म्हणजे पाणचक्की. लांब केसांचे चार तरुण, विजेवरच्या गिटारी, अंगातला सदरा भिजेपर्यंत वाजवणारा ढोलवाला आणि झाहारी नावाचा गायक. झाहारीचा आवाज जात्यासारखा खरखरीत होता, पण त्यातून बाहेर पडायचं ते पिठासारखं मऊ. त्यांचं एक चाकाचं गाणं होतं. चक्कीवाला निघून गेला, धान्य सरलं, तरी पाणी वाहतंय तोवर चाक थांबत नाही, असं काहीसं. सरकारला ते रुचत नसे, म्हणून रेडिओवर ते क्वचितच लागे. पोरं एका टेपवरून दुसऱ्या टेपवर ते उतरवून घेत आणि स्वतःला मोठ्या अभिमानाने 'चक्कीवाले' म्हणवत.

एका उन्हाळ्यात हे पाणचक्कीवाले स्लीवेनला येणार असं कळलं. नेदाने मला पेटीतून ओढून काढलं. शेजारचा गुंचो रेल्वेच्या डब्यांना लावायचा हिरवा रंग डबाभर घेऊन आला. त्याचे वडील डब्यांच्या कारखान्यात रंगारी होते.

"अगं नेदे, ही रुखवतातली ना? मावशी तुला सोलून काढतील."

"आईला काय कळतंय! पेटीत ढीग आहे चादरींचा."

"ढीग कुठला? चारच आहेत."

"तुला रे काय ठाऊक? माझ्या रुखवतात तू काय करत होतास?"

गुंचोचे कान लाल झाले आणि तो मुकाट्याने ब्रश बुडवायला लागला.

वेलिका गिरणीतून परतायच्या आत काम उरकायचं होतं. म्हणून नेदा डावीकडून लिहू लागली आणि गुंचो उजवीकडून. त्यांच्या लिपीत त्या नावाची अक्षरं आठ. दोघं जीव लावून, जिभा बाहेर काढून लिहीत लिहीत माझ्या मधल्या शिवणीपाशी भेटले, आणि तिथेच थबकले.

"गुंच्या, मधली दोन अक्षरं कुठे गेली?"

"मी माझी तीन लिहिली. तुझी पाच होती ना?"

"माझी तीन! पाच तुझी!"

जागा उरली नव्हती, आणि रेल्वेचा रंग काही धुऊन निघत नाही. माझ्यावर ठसठशीत हिरव्या अक्षरांत उमटलं होतं, 'वोदित्सा'. वोदित्सा म्हणजे घोटभर पाणी. आजारी नातवाच्या ओठांना आजी पेला लावते तेव्हा म्हणते तो शब्द, आणि देवळातून बाटलीत भरून आणतात त्या तीर्थाचाही.

तेवढ्यात वेलिका दारात आली. तिने मला पाहिलं. वाकून तिने ओल्या रंगाला बोट लावलं, बोटाकडे बघितलं.

"लिहायचंच होतं तर निदान शुद्ध तरी लिहायचं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानाच्या फाटकावर पोलीस उभे होते. पाणचक्कीच्या नावाचे फलक दिसले की हिसकावून घ्यायचे, असा त्यांना हुकूम होता. त्यांच्यातल्या मिशीवाल्याने मला उलगडलं.

"हे काय आहे?"

नेदाच्या तोंडचं पाणीच पळालं. गुंचो पुढे सरसावला. "पाणी, साहेब! दारू सोडा, पाणी प्या. आमच्या तरुण मंडळाचा उपक्रम आहे."

"अस्सं!" पोलिसाने मान डोलावत त्याची पाठ थोपटली. "तुमच्यासारखी पोरं हवीत देशाला. जा, अगदी पुढे उभे राहा. सगळ्यांना वाचू दे."

पाठ थोपटताना गुंचोच्या कोटात आलुबुखाराच्या दारूची बाटली डुचमळली. साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही, ही देवाचीच कृपा.

अशी त्या दिवशी साऱ्या मैदानात मी एकटीच फलक होते. झाहारी रंगमंचावर आला, त्याने मला वाचलं आणि असा हसत सुटला की पहिली ओळ त्याला गाताच येईना. मग त्याने पाण्याचा पेला उचलला. "बरं बाबांनो, पाणी तर पाणी! चक्कीला आणखी काय लागतं?" आणि पुढच्या रांगांवर त्याने शिंतोडे उडवले. कोणा मुलीच्या हातात बागेतून खुडलेली तुळशीसारखी सुवासिक बॅसिलची जुडी होती. तिने ती पेल्यात बुडवली आणि पाद्री शिंपडतात तशी सगळ्यांवर शिंपडली. तेव्हापासून रीतच पडली. वार्ना असो, प्लोवदिव असो की रुसे, चाकाच्या गाण्याआधी चक्कीवाले एकमेकांवर पाणी शिंपडत. आणि मी आले नसले तर झाहारी विचारी, "पाणी कुठे आहे?"

मित्रांनो, ते दिवस फार भरलेले होते. पण स्लीवेनचा वारा दुष्ट आहे. एकदा त्याने मला कडेपासून हातभर फाडलं. नेदा मला पाठीमागे लपवत घरात शिरली.

"आण इकडे," वेलिका म्हणाली.

"आई, तू तर रागावली होतीस."

"रागावलेच आहे. तुमच्या त्या गोंगाटाशी मला काही घेणंदेणं नाही. विणकाम माझं आहे."

स्वतःच्या जुन्या एप्रनचं सूत उसवून तिने मला रफू केलं. पुढे दर वेळी तीच करी. शनिवारी कार्यक्रम आणि शुक्रवारी मी फाटलेली असले, तरी सुईला हात लावीत नसे. "शनिवारी गाणी ठेवणाऱ्यांनाच अक्कल नाही," म्हणायची, आणि शनिवारी पहाटे उठून टाके घालायची. एकदा माझ्यावर वाकलेली असताना ती चाकाचं गाणं गुणगुणली. नेदाने चमकून पाहिलं.

"दात दुखतोय," वेलिका म्हणाली.

पुढे सरकार बदललं. गिरण्या बंद पडल्या. पाणचक्कीचा ढोलवाला जर्मनीत ट्रक चालवायला गेला, गिटारवाले पांगले, झाहारी गावी जाऊन मधमाश्या पाळू लागला. वेलिका देवाघरी गेली. नेदाने मला पेटीत ठेवलं ते जपण्यासाठीच, त्यात खोट नव्हती. पण जपलेल्या वस्तूला दिवस फार मोठे वाटतात. कधी खिडकीतून एखाद्या पोराच्या फोनवर चाकाचं गाणं वाजे, आणि ते पोर तर गाणी थांबल्यावर जन्मलेलं! आता त्याला हे कोणी शिकवलं असेल, या कौतुकात माझे कितीतरी दिवस जात.

यंदा द्राक्षं उतरायच्या दिवसांत झाहारी वारला. त्याच्या चाळिसाव्या दिवशी, म्हणजे आमच्याकडच्या तेराव्याला, चक्कीवाल्यांनी त्याच जुन्या मैदानात जमायचं ठरवलं. आदल्या दिवशी गुंचो आला. केस गेलेले, आवाज तोच.

"उद्या चादर चढवायची. मी खांब आणलेत."

"वेडा झालास? एक झुळूक आली तर चिंध्या होतील. आईच्या हातचं एवढंच उरलंय माझ्याकडे."

"मग ठेव पेटीत, पानं खात बसू दे तिला! झाहारी विचारेल वरून, पाणी कुठे आहे?"

"गुंच्या, निघ माझ्या घरातून!"

तो निघाला. नेदा बराच वेळ माझ्या घडीवर हात ठेवून बसली. सकाळी तिने मला पिशवीत घेतलं. पण चढवायचं नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं.

मैदान भरलं होतं. कुठकुठून माणसं आली होती. पांढऱ्या केसांची आणि त्यांच्या नातवंडांच्या वयाचीही. कोणीतरी दुकानातून नवा कोरा प्लॅस्टिकचा फलक छापून आणला होता. त्यावर नाव अगदी बिनचूक होतं. तो वर चढला. मग मागून एक तरुण आवाज आला, "अहो, शुद्धलेखन चुकलंय! दोन अक्षरं जास्त आहेत!"

रडवेली झालेली माणसं खो खो हसली. मग एकच गलका उठला, "पाणी कुठे आहे? पाणी?" नेदाने पिशवी छातीशी घट्ट धरली. गुंचोने खांबाला हात घातला, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून सोडला. वारा शिट्ट्या मारत होता.

एवढ्यात पाद्रीबाबा आले. शिजवलेला गोड गहू, पाव, वाईन लांबलचक फळ्यांवर मांडायची तयारी चालली होती. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बायांनो, मेलेल्याचा गहू उघड्या फळीवर ठेवतात का? अंथरायला काही नाही का कोणाकडे?"

कोणी शाल काढू लागलं, कोणी कोट. नेदा उभीच होती. मग तिने डोळे मिटले, ओठ हलवले आणि पिशवीत हात घातला.

तिने मला झटकलं नाही. घडी घडी उलगडत फळ्यांवर अंथरलं. सगळीकडून हात आले. म्हातारे, तरुण, अंगठ्यांचे, घट्टे पडलेले. एकाने सुरकुती सारखी केली, वारा आत शिरू नये म्हणून एकीने कडेला जड अख्खा पाव ठेवला. वारा आला, माझ्या काठाशी झोंबला आणि निघून गेला. इतक्या कोपरांखाली तो माझं काय करणार होता?

पाद्रीबाबांनी बॅसिलची जुडी तीर्थात बुडवली, खाली पाहिलं आणि वाचलं. "वोदित्सा... वा! कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय."

गुंचोच्या हातून हसता हसता वाईन सांडली, माझ्या पांढऱ्या अंगावर, चांगली तळहाताएवढी. सगळे नेदाकडे बघू लागले. नेदाने डागाकडे पाहिलं.

"पी आता उरलेली," ती म्हणाली, "आणि गा."

ते गायले. मी कितीदा ऐकलं असेल चाकाचं गाणं. पण नेहमी उंचावरून. या वेळी ते माझ्यावर टेकलेल्या हातांतून आलं. आवाज लाकडातून चढतो, सुतात शिरतो, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

आवराआवर चालली तेव्हा रुसेहून आलेली एक मुलगी नेदापाशी आली. "मावशी, पुढच्या महिन्यात संत निकोलाच्या सणाला आम्ही चक्कीवाले दान्यूबकाठी जमतो. मासे करतो. अंथरायला ही द्याल?"

"मासे!" गुंचो किंचाळला. "जन्मात वास जायचा नाही!"

नेदा मला घडी घालत होती. तिची बोटं एका रफूवर जराशी थांबली. मग तिने ती घडी त्या मुलीच्या हातांवर ठेवली.

"इस्त्री फिरवू नकोस, रंग उचलतो," ती म्हणाली. "आणि डाग पडला तर घाबरू नकोस गं."

मित्रांनो, मी आता रुसेला आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला माशांचा वास येतो. पुढे मला प्लोवदिवला न्यायचं म्हणतात. मी किती दिवस टिकेन, सांगता येत नाही. तुमच्याही घरी एखाद्या पेटीत कोणाच्या हातचं काही निजलं असेल, तर एवढंच मागणं आहे. त्याला हलक्या हाताने बाहेर काढा, चार माणसांत अंथरा आणि सुई-दोरा जवळ असू द्या.