आबाजींचा गोषवारा

खालापूरच्या कचेरीत आबाजी कारकुनांचा दबदबा होता तो एकाच गोष्टीसाठी. अर्ज कितीही लांबलचक येऊ दे, ते तो तीन ओळींत बसवत. मामलेदारसाहेब मूळ कागदाला हातच लावत नसत. आबाजींचा गोषवारा वाचायचा, समासात हुकूम लिहायचा आणि चहा मागवायचा.

आबाजींची रीत ठरलेली होती. अर्जाचे पहिले पान म्हणजे मायबाप सरकारची आरती, ते उडवायचे. शेवटचे पान म्हणजे रडगाणे, तेही उडवायचे. मध्ये उरेल त्याचे सार काढायचे. "पाल्हाळ लावायला अक्कल लागत नाही," असे ते नव्या कारकुनांना ऐकवत. आता अर्जदाराचे मागणे नेमके शेवटच्या पानावर, 'सबब' या शब्दानंतर असते, हे या शहाण्याला वीस वर्षांत कोणी सांगितले नव्हते. ज्यांची मागणी अशी उडाली, ते नशिबाला बोल लावत घरी गेले होते.

चव्वेचाळीस सालच्या चैत्रात डोंगरातल्या ठाकरवाडीच्या बुधीचा अर्ज आला. बाजारातल्या अर्ज लिहिणाऱ्याने चार पाने भरली होती. मधल्या दोन पानांवर वाडीच्या एकुलत्या एका झऱ्याचे कौतुक होते. खरी गोष्ट चौथ्या पानावर होती. कोळशाच्या ठेकेदाराने झऱ्याला काट्यांचे कुंपण घातले होते, वाडीच्या बायकांना पाण्यासाठी पार खाली नदीवर उतरावे लागत होते; सबब, कुंपण काढवून पाणी मोकळे करावे.

आबाजींनी लिहिले: 'वाडीनजीक झरा आहे. पाणी गोड व बारमाही आहे. अर्जदार बाई तेथील माहीतगार आहे.'

साहेबांनी समासात लिहिले: 'कचेरीस पिण्यासाठी रोज दोन हंडे आणवावे. सदर बाईस कामास लावावे.'

हुकूम पाहून ठेकेदाराने कुंपणात एक माणूस जाईल एवढी वाट केली, ती सरकारी हंड्यांपुरतीच. बुधी रोज कोसभर चालत हंडे आणू लागली.

पंधरा दिवसांनी आबाजींनी तांब्या तोंडाला लावला आणि खुशीत म्हणाले, "बुधे, पाणी खरंच गोड आहे गं. अर्जात खोटं नव्हतं लिहिलंस."

"भाऊसाहेब, त्यो अर्ज झरा मोकळा करा म्हनून व्हता," बुधी चुंबळ झटकत म्हणाली. "आमची पोरं नदीचं गढूळ पानी पितात, आन मी तुमचं हंडं वाहते."

आबाजींनी दप्तरातून अर्ज काढला आणि चौथे पान पहिल्यांदाच वाचले. त्यांचे कान गरम झाले. शरम वाटली, पण ती कबूल करतील तर ते आबाजी कसले.

"एवढंच होतं, तर चार पानं कशाला भरलीस?" ते खेकसले. "दोन शब्दांत सांगायचं."

"सांगाया आले व्हते की," बुधी म्हणाली. "पानी बंद केलंय, येवढंच बोलले. तुमीच म्हनलात, असं चालत नाय, रीतसर लिवून आन."

हे मात्र आबाजींना स्वच्छ आठवत होते.