सातवी सही

टेलरबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि कागद टेबलावरून परत सरांकडे सरकवला. सहा सह्या एकाखाली एक झाल्या होत्या. सातवीची जागा कोरीच होती.

"पेन चालत नाही का?" सरांनी विचारलं.

"पेन छान चालतंय," टेलरबाई म्हणाल्या. "मी सही करणार नाही."

बिस्किटाकडे निघालेला कुणाचा तरी हात वाटेतच थांबला. नगरनिधीच्या बैठकीत असं कधी घडलं नव्हतं.

नगरनिधी म्हणजे शहरातल्या लोकांनीच चालवलेली समाईक झोळी. कुणी दरमहा थोडं टाकायचं, कुणी गेलेल्या माणसाच्या नावाने एकदम मोठी देणगी द्यायची, आणि अंधशाळा, वाचनालय, म्हाताऱ्यांचं घर अशा संस्थांची नड पाहून समितीने ती पोचवायची. समितीत माणसं सात, आणि सातही सह्या झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही असा नियम. सहा जण शहरातले मान्यवर. सातवी खुर्ची, ज्यांना कधीकाळी मदत मिळाली अशांपैकी एकासाठी. कागदोपत्री त्या खुर्चीला 'लाभार्थी प्रतिनिधी' म्हणतात. हा शब्द ऐकला की टेलरबाईंना टाचणी टोचल्यासारखं व्हायचं. दोन वर्षं त्या त्या खुर्चीत बसत होत्या, चहा घेत होत्या आणि दाखवतील तिथे सही करत होत्या. त्यांच्याकडून कुणाची याहून जास्त अपेक्षाही नव्हती.

आजचा विषय निवाऱ्याचा होता. नवऱ्याच्या, सासरच्या जाचातून निघून आलेल्या बायकांना मुलांसकट ठेवून घेणारं ते घर. टेलरबाई स्वतः नऊ वर्षांपूर्वी तिथे अकरा महिने राहिल्या होत्या. घर कायम भरलेलं असायचं. मागच्या मोकळ्या जागेत आणखी सहा खोल्या बांधायच्या होत्या आणि त्यांचा सगळा भार सिमेंटवाले शेठ एकटे उचलणार होते. शेठ समोरच बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा. चहाच्या कपांच्या मधोमध एक जाड पितळी पाटी ठेवलेली होती. वर शेठांच्या दिवंगत पत्नीचं नाव, त्याखाली शेठांचं, आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'महिला निवारा'. नगरनिधीची रीतच होती ती. मदत मिळालेल्या इमारतीवर दर्शनी भागी, रस्त्यावरून वाचता येईल अशी, दात्याची पाटी लावायची. शेठ मंजुरीच्या आधीच पाटी करून घेऊन आले होते. हौशी माणूस.

"माझ्या बायकोचं नाव खुपतंय का तुम्हाला?" शेठांनी विचारलं.

"नाही शेठ. नाव लावाच. स्वयंपाकघरात लावा, सगळ्या जणी रोज वाचतील. बाहेर नको. त्या घराला पाटीच नाही. शेजारीपाजारी समजतात, नर्सांचं हॉस्टेल आहे."

"आत लावलेली पाटी बघणार कोण?"

शेठांनी हे इतक्या सरळ मनाने विचारलं की एरवी टेलरबाई हसल्या असत्या.

शेठांचा मुलगा पुढे वाकला. मघाशी टेलरबाई आल्या तेव्हा यानेच उठून त्यांच्यासाठी खुर्ची ओढली होती. बोलणं मऊ, शर्टाची इस्त्री कडक.

"ताई, तुमची काळजी मला समजते. पण बाबांनी एवढं सगळं द्यायचं आणि घर कुठे आहे हेसुद्धा त्यांना कळायचं नाही? पाटीचं राहू द्या बाजूला. निदान पत्ता तरी. आम्ही काय परके आहोत?"

"हो," टेलरबाई म्हणाल्या.

"बाई, शब्द जरा जपून," सर म्हणाले. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, नगरनिधीचे अध्यक्ष. आयुष्यभर वर्गाला गप्प केल्यामुळे त्यांना नुसतं बोट उचललं तरी पुरायचं. आज मात्र बोट उचलूनही टेलरबाई गप्प बसल्या नाहीत.

"सर, तुमच्या मागच्या कपाटात नऊ वर्षांपूर्वीचं वार्षिक पुस्तक असेल. मुखपृष्ठावर निवाऱ्यातला शिवणवर्ग आहे. फोटो तुम्ही काढला होतात."

सरांचा चेहरा उजळला. "आठवतंय की. सगळ्यांना पाठमोरं बसवलं होतं. एकीचाही चेहरा येऊ दिला नाही मी."

"नाही आला. डावीकडून तिसरी पाठ माझी. पण आमच्या समोरची खिडकी उघडी होती. खिडकीतून सायकलच्या दुकानाची पाटी दिसत होती, फोन नंबरासकट." टेलरबाईंनी समोरचा कप उगीचच थोडा बाजूला केला. "माझ्या नवऱ्याला ते पुस्तक दवाखान्याच्या बाकावर सापडलं. त्याने दुकानदाराला फोन केला, सायकल दुरुस्त करायचीय म्हणाला, पत्ता घेतला. तीन दिवस तो समोरच्या पायऱ्यांवर बसून होता. हात उचलला नाही, आवाज चढवला नाही, नुसता बसून. चौथ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही एकोणीस जणी मुलं काखोटीला मारून धोब्याच्या टेम्पोतून निघालो. निवारा आता जिथे आहे तिथे तेव्हा आला."

सरांनी चष्मा काढला. काय पुसावं ते न सुचल्यासारखा पुन्हा घातला.

"हे मला कुणी सांगितलं नाही," ते हळू म्हणाले.

"कसं सांगणार? तुम्ही देणारे होतात."

आतापर्यंत मूग गिळून बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं थांबायची सूचना केली. सगळ्यांना ती एकदम पटली.

बाहेरच्या लांबट व्हरांड्यात मोठ्या ताई उभ्या होत्या. निवारा त्याच चालवत. अर्जदाराने बैठकीत बसायचं नाही म्हणून त्या दाराबाहेर थांबल्या होत्या आणि दार काही फार जाड नव्हतं. त्यांनी टेलरबाईंना दंडाला धरून खिडकीपाशी नेलं.

"सही कर."

"ताई, तुम्ही म्हणताय हे?"

"मीच म्हणतेय. दोन महिने लावू पाटी. मग रंगकामाच्या नावाखाली काढून आत ठेवू. कोण बघायला येतंय?"

"पहिल्याच दिवशी येतील. फोटोवाला घेऊन येतील."

"येऊ देत. परवा दोघींना परत पाठवलं मी. एकीच्या कडेवर तान्हं होतं. स्वयंपाकघरात, जिन्याखाली, सगळीकडे गाद्या घातल्यात. पाय ठेवायला जागा नाही. तुला त्या वेळी जागा मिळाली होती ना? म्हणून हा ताठा."

हे मात्र वर्मी बसलं. ताई खोटं बोलत नव्हत्या. नऊ वर्षांपूर्वी याच बाईने दार उघडलं होतं आणि कोण, कुठली, काही न विचारता आधी चप्पल काढायला सांगितलं होतं. तिला नाही म्हणायचं टेलरबाईंच्या जिवावर आलं. त्या आत गेल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी कागद पुढे ओढला.

"हं, आता कसं," शेठांचा मुलगा हसून म्हणाला. "उद्या सकाळीच आम्ही घर बघून येऊ. मी स्वतः बाबांना घेऊन जाईन."

टेलरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून सातव्या जागी सावकाश लिहिलं: 'दारावर पाटी नाही आणि पत्ता कुणाला नाही, या अटीवर मंजूर.' त्याखाली सही केली. अक्षर त्यांचं फारसं बरं नव्हतं, पण हे कुणालाही वाचता येत होतं.

सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी एक शब्दही गाळला नाही.

शेठ उठले. पाटी रुमालात गुंडाळून त्यांनी काखेत मारली. "माझी बायको चोरून काही करणारी नव्हती," ते म्हणाले. "जिथे तिचं नाव लपवावं लागत नाही तिथे देईन." आठवड्याच्या आत त्यांची देणगी पोहण्याच्या तलावाला जाहीर झाली. तलावाला दर्शनी भाग भरपूर होता.

मोठ्या ताईंनी त्यानंतर टेलरबाईंचा फोन उचलला नाही. टेलरबाई दुकान उघडत, पँटी आखूड करत, चेनी बदलत आणि संध्याकाळी कुलूप लावत. आपण बरोबर केलं हे त्यांना ठाऊक होतं, पण तेवढ्याने झोप लागत नव्हती. डोळे मिटले की कडेवर तान्हं घेतलेली, कधी न पाहिलेली बाई दिसायची. कुठे गेली असेल ती? एकदा मशीन चालवता चालवता त्या मोठ्याने म्हणाल्या, "करायला हवी होती का सही?" आणि सुई बोटात जाता जाता राहिली.

तलावाची बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक तिशीची बाई दुकानात आली. अंगावरचे कपडे भारी, चपला घरातल्या. तिने पिशवीतून एक पुरुषी शर्ट काढून मशीनवर ठेवला.

"बटणं तुटलीत. सगळीच."

टेलरबाईंनी शर्ट उलटापालटा केला. शिंप्याशी गिऱ्हाईक नेहमीच खोटं बोलतं. पोट सुटलेलं नसतं, कापड आटलेलं असतं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण बटण ओढून तुटलं की कापड थोडंतरी खेचलं जातं, दोऱ्याचं तूस मागे राहतं. इथे प्रत्येक दोरा अगदी कापडाला लागून नखं कापायच्या कात्रीने नीट कापलेला होता. आणि काढलेली बटणं पिशवीच्या तळाशी कागदाच्या पुडीत बांधून आणली होती.

टेलरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

बाई टेकते न टेकते तोच तिचा फोन वाजला. तिने तो लगबगीने तोंडासमोर धरला.

"हो, टेलरकडेच आहे. हे बघा." तिने फोन फिरवून सगळं दुकान दाखवलं: भिंत, टांगलेल्या पँटी, दोऱ्यांची रिळं. कुणी सांगायच्या आत दाखवलं, रोजची सवय असल्यासारखं.

"ठीक आहे, दिसलं," फोनमधला आवाज म्हणाला. मऊ, समजूतदार. "पण चार बटणांना किती वेळ? निदान वेळ तरी सांगून जात जा."

टेलरबाईंनी तो आवाज ओळखला. संतापाने त्यांचे कान तापले. त्यांनी मान वर केली नाही. फोनला दिसले ते फक्त त्यांचे हात. त्या हातांनी उसवायची आकडी उचलली, शर्टाच्या काजपट्टीत खुपसली आणि गळ्यापासून खालपर्यंत सगळी पट्टी एका दमात टरकावली.

"पट्टीच उसवावी लागली त्यांना," बाई फोनला म्हणाली. "तासभर तरी लागेल."

"तासाने फोन करतो."

फोन बंद झाला. बाई त्या उसवलेल्या शर्टाकडे बघत राहिली. तिच्या ओठांवर हसू आल्यासारखं झालं, पण ते टिकलं नाही.

"मी सिमेंटवाल्या शेठांची—"

"सून. आवाजावरून कळलं."

"घरी इतके दिवस तुमच्या नावाने शंख चाललाय. बाबा म्हणतात, एका शिंपिणीने माझं दान नाकारलं. हे म्हणतात, बघतोच पत्ता कशी लपवते ती." तिने मांडीवर हात घट्ट धरले होते. "चार वर्षं झाली लग्नाला. मला माहीतच नव्हतं, असं काही घर असतं म्हणून. जेवताना हे सगळं ऐकलं तेव्हा कळलं. घर आहे, आणि ह्यांना ते कुठे आहे ते माहीत नाही."

बाहेरून कुणाची तरी स्कूटर गेली. टेलरबाईंनी उठून पुढचं शटर अर्ध्यावर ओढलं.

"पत्ता सांगाल मला?"

"पत्ता मी कुणालाच सांगत नाही. घेऊन जाते. तो फोन इथेच राहू दे, त्या शर्टावर."

बाईने फोन शर्टावर ठेवला. मग उठता उठता अचानक धीर सुटल्यासारखी ती थबकली.

"पण मला ठेवून घेतील ना? जागा आहे तिथे?"

टेलरबाईंच्या डोळ्यांसमोर जिन्याखालच्या गाद्या आल्या. न बांधलेल्या सहा खोल्या आल्या. मोठ्या ताईंचा रागावलेला चेहराही आला.

"आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मागच्या दाराची कडी काढली.