बटण दाबलं होतं

मी एक जुना लॉक आहे. दाराचा नाही, कपाटाचाही नाही. मी जीपच्या पोटाखाली राहतो, मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो त्यात, जाड तेलात बुडालेला. मित्रांनो, आपलं आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. फाटकी छत्री काय, मोडकी खुर्ची काय, सगळ्या कशा सोशिक. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

आधी माझं काम समजून घ्या. गाडी वळते तेव्हा आतलं चाक कमी फिरतं आणि बाहेरचं जास्त. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरायची मोकळीक देणारं एक यंत्र त्या गोळ्यात असतं. त्याला डिफरन्शियल म्हणतात. डांबरी रस्त्यावर ते फार शहाणं असतं, पण चिखलात त्याची अक्कल जाते. एक चाक घसरून गरगरायला लागलं की इंजिनाचा सगळा जोर त्याच चाकात वाया जातो आणि दुसरं चाक नुसतं बसून राहतं. वर्गात जो सगळ्यात जास्त गोंधळ घालतो त्याच्यापायी गुरुजींचा सगळा तास जातो आणि गुणी पोर तसंच बसून राहतं, तशातला प्रकार. अशा वेळी चालकानं समोरचं बटण दाबायचं. बॉनेटखालचा छोटा पंप हवा भरतो, ती हवा एका बारीक नळीतून माझ्यापर्यंत येते, मी पुढं सरकतो आणि दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकतो. 'कट्' असा आवाज होतो. मग बसलेल्या चाकालाही फिरावंच लागतं आणि गाडी निघते.

मला भट्टीत तापवलं, तेलात विझवलं, कानशीनं घासलं. कारखान्यातल्या माणसानं मला शंभर वेळा लावून-सोडून बघितलं, मी शंभर वेळा लागलो. पुढं भोकरदनच्या राधेश्याम मिस्त्रीनं मला एका जुन्या जीपमध्ये बसवलं. जीप धावडा गावच्या मच्छिंद्रची. त्याचं शेत आणि चुलत्याची वस्ती नाल्यापलीकडे आहे. आमच्या भागातली काळी माती कापसाला माय असली तरी चाकाला वैरीण आहे. पाऊस पडला की ती चाकाला अशी धरते की बस्स.

पहिली दोन-तीन वर्षं माझे फार लाड झाले. नाला ओलांडून गाडी वर चढली की मच्छिंद्र हॉटेलवर चहा पिताना चार लोकांत सांगायचा, "आपल्या गाडीला लॉक हाये, लॉक! बैलाची गरज न्हाई." मी तेलात बसल्या बसल्या फुगायचो. पण खरं सांगू का, मला नीट वागवणारा मच्छिंद्र नव्हताच. तो होता राजानंद, त्याच्याकडचा ड्रायव्हर. विहाराजवळच्या गल्लीत राहायचा. चिखल आला की तो आधी गाडी थांबवायचा, मग बटण दाबायचा, मान वाकडी करून माझ्या 'कट्'ची वाट बघायचा आणि मगच हळूच क्लच सोडायचा. कोरडा रस्ता लागला की आठवणीनं मला मोकळं करायचा. काही लोक यंत्र डोळ्यांनी चालवतात, राजानंद ते कानांनी चालवायचा.

मच्छिंद्रचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं मात्र नाही. प्रेमच नडलं. दर अमावस्येला तो जीप धुवायचा, लिंबू-मिरची बांधायचा, नारळ फोडायचा. आणि मग गंज लागू नये म्हणून कापसावर औषध फवारायच्या पंपात डिझेल आणि जळकं तेल भरून गाडीच्या पोटावर सर्रास फवारायचा. लोखंडाला ते चालतं. रबराला चालत नाही. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं.

एकदा दगड लागून माझी हवेची नळी तुटली. ती चांगली निळी, कडक नळी होती. मच्छिंद्रनं फवारणीच्या जुन्या पंपाच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा कापला, मधे जोडला, दोन्हीकडून तार आवळली आणि म्हणाला, "तात्पुरतं चालू द्या." मित्रांनो, आपल्याकडे तात्पुरत्याला मरण नसतं. तो तुकडा सायलेन्सरला जवळजवळ चिकटून होता. वरून सायलेन्सरची धग आणि खालून दर अमावस्येचं डिझेल. रबर फुगलं, मऊ पडलं. गाडी थंड असली की तार त्याला धरून ठेवायची. गाडी तापली की तो तुकडा सैल पडायचा आणि माझी हवा वाटेतच गळून जायची. हवाच पोचली नाही तर मी सरकू कशानं?

हे सगळ्यात आधी कळलं ते राजानंदला. त्यानं एका दुपारी मच्छिंद्रला सांगितलं, "भाऊ, बटण दाबलं की पंप थांबूनच न्हाई राह्यला. पयले दोन मिंटात गप व्हायचा. हवा कुठंतरी गळून राह्यली."

"पंप हाये तो, आवाज करीनच," मच्छिंद्र म्हणाला. "तू गाडी चालव."

बिघाडाचा यापेक्षा स्पष्ट पुरावा काय असतो? पंप थांबत नाही म्हणजे गळती आहे. एवढं एक वाक्य त्या दिवशी ऐकलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मी आत दात खात बसलो.

मग भादवा आला. वस्तीवर राहणारी मच्छिंद्रची चुलती केशरकाकू गोठ्यात घसरून पडली आणि तिचा खुबा मोडला. सकाळपासून गावोगाव फिरून तापलेली गाडी घेऊन राजानंद तसाच वस्तीवर गेला. काकूला मागच्या सीटवर निजवलं आणि निघाला. नाल्याच्या चढाला डावं चाक घसरलं. राजानंदनं गाडी थांबवली. बटण दाबलं. समोर केशरी दिवा लागला. पंप घुर्रर्र करत राहिला. माझ्यापर्यंत हवेचा एक घोटसुद्धा आला नाही.

त्यानं पुन्हा दाबलं. पाच वेळा, दहा वेळा. मी प्रत्येक वेळी धडपडलो. मागं काकू कण्हत होती आणि डावं चाक खड्डा खणत होतं. दोन तासांनी रखमाजी नावाच्या शेतकऱ्यानं बैलजोडी आणून आम्हाला बाहेर काढलं. 'बैलाची गरज न्हाई' म्हणणाऱ्याची गाडी बैलांनी ओढली. काकू वाचली, पण आजही काठी घेऊन चालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मच्छिंद्रच्या अंगणात माझी परीक्षा झाली. राधेश्याम मिस्त्रीला बोलावलं होतं. त्यानं तेल बघितलं, वायर बघितली, मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गियर काढून गाडी मोकळी केली आणि म्हणाला, "दाबा." कट्! एक चाक हातानं फिरवलं, दुसरंही त्याच बाजूला फिरलं. म्हणजे मी लागलो होतो. सोडलं, पुन्हा दाबलं. कट्! तिसऱ्यांदाही कट्! का नाही लागणार? रात्रभर उभी राहून गाडी गार पडली होती. मिस्त्री, अरे बाबा, गाडी बिघडली दुपारी, तापल्यावर, चिखलात. आणि तू तपासतोस सकाळी, गार अंगणात! माझा इमानदार 'कट्' हाच राजानंदच्या गळ्याशी आला.

"बघ," मच्छिंद्र म्हणाला. "तीनदा लागला. मंग काल का न्हाई लागला?"

"काल बी मी दाबलं व्हतं, भाऊ. दिवा लागल्ता."

"दिवा लागला तर लॉक लागतोच. तू घाबरला आन् बटण दाबायचं इसरला, असं सांग ना सरळ. खोटं कायले बोलून राह्यला?"

राजानंदचा आवाज चढला नाही. तो म्हणाला, "इसरलो असतो तर इसरलो म्हनलो असतो." आणि त्यानं चावी बॉनेटवर ठेवली. ती ठेवल्याचा बारीक आवाज मला खाली ऐकू आला. तो दिवा, मित्रांनो, बटणाला जोडलेला आहे. बटण दाबलं एवढंच तो सांगतो, मी लागलो की नाही हे त्याला काय माहीत? पण दिव्यावर विश्वास ठेवला गेला आणि माणसावर नाही. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. तोही गप्प राहिला, कारण गिऱ्हाइकाला शहाणपण कोण शिकवणार?

घट बसायच्या आधी आमच्याकडे घरातलं सगळं धुणं काढतात. पितृपाठात एका दुपारी मच्छिंद्र आणि त्याची बायको दैवशाला गोधड्या घेऊन नदीकडे निघाले. गाडी सकाळीच टेंभुर्णीला जाऊन आली होती, चांगली तापलेली होती. नदीच्या उताराला मागचं चाक रुतलं. मच्छिंद्रनं बटण दाबलं. दिवा लागला. पंप घुर्रर्र. मी आपला जागच्या जागी.

त्यानं चार वेळा दाबलं. दैवशाला बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, "बटण दाबलं न्हाई का तुम्ही?"

"दाबलं की! दिवा दिसून न्हाई राह्यला का?"

"राजाभाऊ बी हेच म्हनत व्हते."

त्या दिवशी मला पहिल्यांदा बरं वाटलं. मच्छिंद्रनं पाचव्यांदा दाबलं. ती खाली उतरली आणि वाकून कान दिला. "अहो, इथं फुस्स करून राह्यलं. कुकरची रिंग गेल्यावानी."

"सकाळी तर लागत व्हता."

"थंड कुकरात रिंग बराबरच दिसती. शिट्टीच्या टायमाला कळतं."

तिनं धुण्याच्या साबणाचा फेस केला आणि ओंजळीनं त्या नळीवर लावला. जोडाशी फेसाचे बुडबुडे भराभरा फुगले. मच्छिंद्र गाडीखाली उताणा पडला, त्यानं तुकड्याला दोन बोटं लावली आणि तो तारेतून अलगद निसटून हातात आला. सुजलेला, चिकट, डिझेलचा भपकारा मारणारा. मच्छिंद्रनं तो उलटसुलट करून बघितला. माझ्यापासून त्याचं तोंड हातभर अंतरावर होतं आणि मला ओरडायचं होतं, पण मी लॉक आहे.

चाकाखाली दगड घालून गाडी कशीबशी वर काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं भोकरदनहून नवी कडक नळी आणली आणि सायलेन्सरपासून लांबून बसवली. संध्याकाळी नवरा-बायको दोघं राजानंदच्या दारात गेले. मच्छिंद्र खाली उतरला नाही, इंजिनही बंद केलं नाही.

"सोड आता, झालं गेलं," तो खिडकीतून म्हणाला. "उद्यापासून ये गाडीवर."

राजानंद ओट्यावरून उठून आला. शेजारचे दोघं-तिघंही थांबले. "बटण दाबलं व्हतं का न्हाई, तेवढं बोला."

"ते आता कायले उकरून काढतो? गाडी बराबर झाली ना."

"गाडी झाली. माझं बोला."

इंजिन चालू होतं. दैवशालाला नवऱ्याचा हट्ट सहन झाला नसावा. ती म्हणाली, "दाबलं व्हतं, राजाभाऊ. नळी आमची सडल्ती."

"वहिनी, तुम्ही बोलल्या, बरं वाटलं. पन मला खोटा तुम्ही न्हाई म्हनलं. भाऊंनी म्हनलं, मिस्त्रीसमोर. तर भाऊंनीच बोलावं."

मच्छिंद्रनं गियर टाकला. राजानंद आता दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो.

त्यानंतरच्या पहिल्या पावसात वस्तीवरून येताना त्याच चढाला डावं चाक घसरलं. मच्छिंद्रनं बटण दाबलं. खरं सांगतो, मित्रांनो, मला लागायचं नव्हतं. बसू दे याला इथं दोन तास, येऊ दे बैल, असंच वाटत होतं. पण हवा आली आणि मी लागलो. कट्! हवा आली तर लागायचं आणि नाही आली तर नाही, एवढंच मला येतं. राजानंदलाही तेवढंच येत होतं. दाबलं तर दाबलं म्हणायचं.

तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल, माणसं कामाला ठेवाल. रबरावर डिझेल मारू नका. पंप थांबत नसेल तर साबण लावून बघा. बिघाड जिथं झाला तिथंच, तेवढ्याच तापलेल्या गाडीवर तपासा. आणि जो माणूस रोज यंत्रावर बसतो तो काही सांगत असेल, तर हातातलं काम टाकून त्याचं ऐका. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, माझी काळजी घेणारा गेला.

मच्छिंद्र अजूनही चिखल आला की गाडी थांबवतो, बटण दाबतो आणि मान वाकडी करून माझा आवाज ऐकतो. ही सवय त्याला कुणाची लागली, हे त्याला माहीत आहे. ती वीतभर नळी बदलायला त्याला अर्धा तास लागला होता. 'दाबलं होतं' हे दोन शब्द बोलायला तेवढा वेळही लागला नसता.