रूपरावच्या दाराशी उभा पंप

मी एक जुना फवारणीचा पंप आहे. पितळी नळा, लाकडी मूठ आणि पाय रोवायला खाली लोखंडी रिकीब, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आज मी औषधाच्या बादलीत उभा आहे आणि समोरचे दार उघडत नाही. परक्याचे दार असते तर मी मनावर घेतले नसते. पण हे दार माझ्या रूपरावचे आहे.

कारखान्यातून निघून मी वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या चौकात ट्रकमधून उतरलो आणि जवळच्या या गावात हिवतापाच्या फवारणीला लागलो. रूपराव हंगामी कामगार. एक जण माझी मूठ खालीवर करी आणि रूपराव नळी धरून घराच्या भिंती भिजवी. माणसाचे रक्त पिऊन जड झालेला मच्छर भिंतीवर टेकतो, तिथेच औषध त्याला गाठते. काम साधे, पण थाट काय वर्णावा! आम्ही गल्लीत शिरलो की बाया अंथरुणे-भांडी अंगणात काढून ठेवत. सकाळी केरात मेलेले मच्छर निघत. मग रूपरावला घरोघरी चहा मिळे. तो आधी नको म्हणे आणि मग बशीत ओतून पिई.

पुढे केरात मच्छर निघेनासे झाले.

तेव्हा वर्ध्याजवळच्या पिपरी मेघे गावची मेघा आमच्याकडे येऊ लागली. ती मच्छरांचा अभ्यास करी. भिंतीवरचे मच्छर पकडून ती औषध लावलेल्या कागदाच्या नळीत ठेवी. बरेचसे जिवंतच राहत. मग संगणकात तिने आमचे अख्खे गाव बसवले, घरे, माणसे, डबकी, मच्छर, सगळे. मच्छर औषधाला दाद देईनासे झाले तर ताप किती पसरेल, हे ती आधीच गणितात घडवून बघत असे. एका दुपारी तिने ते रूपरावच्या ओसरीवर दाखवले.

"काका, ही रेघ तापाची. औषध बदललं नाही, तर सगळी घरं फवारूनही ती वरच जाते. मी वरच्या साहेबांना कळवलं. ते म्हणतात, आधी जुना साठा संपवा."

रूपरावने रेघेकडे पाहिले, मग घरात पाहिले. आत त्याची पोटुशी सून मयुरी तापाने फणफणली होती.

"मेघाताई, या रेघेत माही सून कोठी हाये?"

मेघाने संगणक मिटला. गोळ्या पुऱ्या घ्यायला लावा, एवढे ती म्हणाली.

गोळ्यांनी ताप उतरला, पण भिंतीवरचे मच्छर तसेच होते. रूपरावचा जीव थाऱ्यावर नव्हता. कोपऱ्यात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर मारायचे बोंडअळीचे औषध पडले होते. त्याने ते माझ्या बादलीत ओतले.

"काऊन जी, हे तं वावरातलं औषध हाये!" त्याची बायको भागीरथा म्हणाली.

"जालीम हाये, मनूनच मारतो. पोरीले पुन्हा ताप नाई आला पायजे."

मला बोलता येत असते तर मी बोंब मारली असती. त्या वासाने मयुरीला उलट्या झाल्या, तिला अंगणात बाजेवर निजवावे लागले. आणि मच्छर? दिवे लागताच भिंतीवर हजर.

मेघाने ती बाटली पाहिली आणि कपाळावर हात मारला. "काका, हे आपल्या फवारणीच्याच घराण्यातलं औषध आहे. इतकी वर्षं आपण तेच पऱ्हाटीवर मारून राह्यलो. मच्छर ते वावराकाठच्या डबक्यांतच पचवायला शिकले."

मयुरीला पुन्हा ताप भरला. वर्ध्याच्या दवाखान्यात ती वाचली, पोटातले बाळ मात्र गेले. तापाने की त्या वासाने, कोणालाच सांगता आले नाही. भागीरथाने मात्र मनात माझेच नाव पक्के केले.

आता नवे औषध आले आहे. मेघाच्या नळीत मच्छर पटापट मरतात. तिची रेघही खाली येते, पण बहुतेक दारे उघडली तरच. आणि रूपरावच्या घरचे कळल्यापासून गावात दारे बंद आहेत. "पयले तुह्या घरी मारून दाखव," असे लोक रूपरावला तोंडावर म्हणतात.

म्हणून आम्ही इथे आलो आहोत. आतून भागीरथाचा आवाज येतो. "त्या डबड्यानं माह्या घरातलं लेकरू नेलं. ते उंबऱ्याच्या आत नाई येनार."

"हे औषध दुसरं हाये वं. हात जोडतो, मयुरी तरी राहू दे आपल्याले. दार उघड."

मित्रांनो, माझ्या आतला चामडी वायसर झिजला की नवा मिळतो. औषधाचा धाक झिजला की तेही बदलता येते, थोडे उशिरा का होईना. माणसांचा विश्वास मी कुठून आणू? एकच औषध घरात आणि वावरात उधळू नका, आणि ते बदला म्हणून कोणी वेळेवर सांगत असेल तर तेव्हाच ऐका. माझी दुसरी काही मागणी नाही.

औषध ढवळले नाही तर तळाशी बसते, आणि आज पाण्यात कालवलेले उद्या कामाचे नाही. रूपराव काठीने बादली ढवळत उभा आहे. आत मयुरी पुन्हा कुडकुडते आहे, तिच्या बाजेची करकर दाराबाहेर ऐकू येते. कोणीतरी कडी काढा हो.