ग्लेनिस वॉरबेकबद्दल मॅगीचं मत

मार्कस तुस्कानोचं लग्न झालं तेव्हा बायकोबरोबर एक ऑस्ट्रेलियन गायिकाही घरात येणार आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं नाव ग्लेनिस वॉरबेक. मॅगी वसईजवळच्या नंदाखालला शाळेत असताना तिच्या बोटीवरच्या मामाने एक कॅसेट आणली. त्यातलं 'पोस्टमन, नॉट टुडे' हे गाणं गावच्या बँडवाल्यांनी असं काही उचललं की पुढे कैक वर्षं त्याच्याशिवाय एकही नवरी चर्चची पायरी चढली नाही. गाण्यातली बाई पोस्टमनला दारातून हाकलून देते, लग्नाशी त्याचा काडीचा संबंध नाही, पण चाल नाचायला बरी होती.

तेव्हापासून मॅगीने ग्लेनिसला सोडलं नाही. बहारीनला नर्सची नोकरी लागली, तिथल्या उम्म अल हस्सम भागात फ्लॅट घेतला, मुलगी मेलिसा झाली, तिची ईसा टाउनची शाळा सुरू झाली, तरी हॉलमध्ये येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी ग्लेनिस तशीच होती: डोक्यावर लाल केसांचा मनोरा, अंगात पिवळा फ्रॉक, पायात चाकांचे बूट. घराला आशीर्वाद द्यायला आलेल्या फादरनी दोन्ही तसबिरींवर पवित्र पाणी शिंपडलं. बहुधा त्यांना ती कुणी नवी संत वाटली असावी.

मार्कस जुफेर भागातल्या एका मोठ्या हॉटेलात गाड्यांचा कारभार बघायचा. एके दिवशी मॅनेजर हमझाने त्याला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"मिसेस ब्राउन नावाच्या पाहुण्या येताहेत," हमझा म्हणाला. "नाव खोटं आहे. त्या ग्लेनिस वॉरबेक. शनिवारी आपल्या हॉलमध्ये त्यांचा शेवटचा कार्यक्रम आहे."

"शेवटचा?"

"त्यांचा हा तिसरा शेवटचा दौरा आहे. तू गाडी चालवायची. आणि बाहेर एक शब्द गेला तर तू खलास."

मार्कसने मान डोलावली. घरी मॅगीला कार्यक्रमाचं ठाऊक होतंच. तिने दोन पास आधीच त्याच्याकडून मिळवले होते आणि निळी साडी इस्त्री करून ठेवली होती. पण बाई आपल्याच नवऱ्याच्या गाडीत बसणार आहे हे तिला कळलं असतं, तर सगळ्या उम्म अल हस्समला कळलं असतं आणि मागोमाग वसईलाही. मार्कस गप्प राहिला.

विमानतळावर त्याने बाईंना ओळखलंच नाही. मनोरा नव्हता. पांढरे, बारीक कापलेले केस, जाड चष्मा, ढगळ कुर्ता आणि उजव्या गुडघ्याला पट्टा. आवाजही नव्हता. घसा बसल्यामुळे डॉक्टरांनी कार्यक्रमापर्यंत मोठ्याने बोलायला बंदी केली होती, त्यामुळे बाई खाणाखुणा करायच्या, फारच अडलं तर कुजबुजायच्या.

शुक्रवारी त्यांना बुदैयाची शेतं बघायची लहर आली. मार्कस घेऊन गेला. तिथे त्यांनी मुळ्यांची जुडी घेतली, एका बकरीशी बराच वेळ नजरानजर केली आणि लिंबाच्या सरबताचे मोठेमोठे ग्लास रिचवले. परतताना शहरात गाड्यांची ही रांग लागलेली. हॉटेल अजून लांब होतं. मागच्या सीटवरून बाईंनी त्याच्या खांद्यावर बोट टोचलं.

"टॉयलेट," त्या कुजबुजल्या.

"हाफ अवर, मॅडम."

बाईंनी जोरजोरात मान हलवली. अर्धा तास शक्य नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर अरबी, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लिहिलेलं होतं. उम्म अल हस्समचं वळण समोरच होतं. मार्कसने मनातल्या मनात हमझाची माफी मागितली आणि गाडी वळवली.

मॅगीने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात झारा होता. "ह्या मिसेस ब्राउन," मार्कस घाईघाईने म्हणाला. "हॉटेलच्या पाहुण्या. बाथरूम." मॅगीने एक प्रश्न न विचारता झाऱ्यानेच वाट दाखवली. नर्स बाईच ती.

बाई बाहेर आल्या त्या माणसात येऊन. आता लगेच निघावं असा मार्कसचा बेत होता, पण तव्यावर साफी मासे तळले जात होते, आणि तो वास नाकात गेल्यावर बाई खुर्ची ओढून बसल्यासुद्धा.

"घसा बसलाय का यांचा?" मॅगीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मिठाचं गरम पाणी आणून दिलं. बाईंनी मुकाट्याने गुळण्या केल्या. मग मॅगीने मासे वाढले, कालचं सुक्या बोंबलाचं कालवण गरम केलं. तेवढ्यात बाईंची नजर भिंतीवर गेली. येशू, आणि शेजारी त्या स्वतः. चाळीस वर्षांपूर्वीच्या, चाकांच्या बुटांवर.

"हू?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

मार्कस घड्याळाकडे बघत उठायला लागला.

"ऐका तर," मॅगी खुर्ची पुढे ओढत म्हणाली. ती बोलत होती इंग्रजीत, पण वसईच्या इंग्रजीत, ज्यात हातांना जिभेइतकंच काम असतं. "ही ग्लेनिस. मेंढ्यांची लोकर कापणाऱ्याची पोर. एकोणिसाव्या वर्षी पहिलं गाणं, आणि एका रात्रीत अख्खा देश हिच्या मागे. मग चाकांचे बूट घालून डिस्को. ते छान होतं. मग हिला सिनेमात घेतलं. त्यात ही समुद्रात बुडते. लोक म्हणाले, फार लवकर वर आली."

बाईंचा घास हातातच राहिला. मार्कसने मॅगीकडे बघून डोळे मिचकावले. मग पुन्हा मिचकावले.

"डोळ्यात काय गेलं तुझ्या?" मॅगी उठली, कपाटातून औषध काढलं, त्याचं डोकं मागे रेटलं आणि दोन्ही डोळ्यांत थेंब सोडले. "हं, मिटून बस." मार्कस मिटून बसला. पुढचं सगळं त्याने आंधळ्यासारखं ऐकलं.

"मग हिने तिसरं लग्न केलं, ढोलवाल्याशी. मी तेव्हाच म्हटलं होतं, टिकायचं नाही."

"व्हाय?"

"प्रत्येक गाण्यात अर्धा ठोका उशिरा यायचा तो. संसाराला वेळेवर कसा येणार?"

टेबलावर थाप पडल्याचा आवाज आला. बाईंनीच मारली होती. मार्कसने एक डोळा किलकिला करून बघितलं. त्या मान वरखाली हलवत होत्या, जणू इतक्या वर्षांनी कुणी साक्षीदार भेटला होता.

"आणि मग," मॅगीने आवाज खाली आणला, "ती अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यांची कॅसेट काढली. 'सॅडल माय सॉरो'. मिसेस ब्राउन, मी हिच्यासाठी जीव देईन, पण ती कॅसेट ऐकवत नाही. चिखलात रुतलेली म्हैस रेडकाला हाक मारतेय असं वाटतं."

बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, घशावर हात ठेवला, पुन्हा मिटलं.

"मॅगे," मार्कस मराठीत म्हणाला, "विषय बदल."

"का? त्यांना आवडतंय. बघ कशा पुढे सरकून ऐकताहेत."

मार्कसने कसंबसं उठून मॅगीच्या कानाशी तोंड नेलं. आता सांगून टाकावं, होईल ते होईल. पण समोरून बाईंनी ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे असं रोखून पाहिलं की तो पुन्हा खाली बसला. गिऱ्हाईक राजा असतो असं हॉटेलात शिकवतात. राणीचं काय करायचं ते शिकवत नाहीत.

पुढे मॅगीने लहान मुलांच्या टीव्हीवरची वर्षं सांगितली, ज्यात ग्लेनिस माणसाएवढ्या कापडी वॉम्बॅट प्राण्याबरोबर अंकगणित शिकवायची. मग तरुण पोरांनी जुनं गाणं ठोकून-ठाकून पुन्हा वाजवलं आणि ती परत वर आली, तेही सांगितलं. शेवटी मॅगी गुडघ्याच्या विषयावर आली. "हल्ली प्रत्येक कार्यक्रमात शेवटी गुडघा टेकून बसते. मी मोबाइलवर गाणं बघतच नाही, गुडघा बघते. या वयात वर कशी येणार, याचा मला घोर लागतो. तुमचाही पट्टा सैल बांधलाय." असं म्हणत तिने वाकून बाईंचा पट्टा सोडला आणि घट्ट बांधून दिला.

निघताना बाईंनी मॅगीला मुळ्यांची जुडी दिली. गाडीत त्या वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या. हॉटेल आल्यावर एकच शब्द कुजबुजल्या: "बफेलो." मार्कसला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी संध्याकाळी हॉल गच्च भरला. निळ्या साडीतली मॅगी चौथ्या रांगेत, शेजारी मार्कस, आणि भिंतीला टेकून उभा हमझा. दिवे मंदावले आणि लाल मनोरा रंगमंचावर आला. आवाज परत आला होता, आणि काय आवाज होता. 'पोस्टमन'ला सगळा हॉल उभा राहिला. मॅगी रडत रडत नाचली.

मग ग्लेनिसने बँडला थांबवलं.

"काल या गावात एका नर्सने मला जेवू घातलं," ती माइकमध्ये म्हणाली. "माझ्या घशावर उपचार केले. आणि माझी एक कॅसेट ऐकून चिखलात रुतलेली म्हैस आठवते, असं सांगितलं."

हॉल हसला. मॅगीही हसली. मग हळूहळू हसायची थांबली.

"मार्कस," ती पुढे बघत म्हणाली, "त्या मिसेस ब्राउन."

"हो."

"तुला ठाऊक होतं."

"हो."

म्हशीवरून आता आपलं काही खरं नाही, असं मार्कसला वाटलं. पण मॅगीचं दुःख निराळंच होतं. "आणि तू मला तिला कालचं कालवण वाढू दिलंस," ती म्हणाली.

तोवर ग्लेनिसने त्याच कॅसेटमधलं 'सॅडल माय सॉरो' हे गाणं सुरू केलं होतं. अगदी मन लावून गायली, एकही कडवं गाळलं नाही. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. गाणं संपल्यावर दिव्याचा झोत रांगा शोधत शोधत चौथ्या रांगेत येऊन थांबला. हमझाने माइक आणून मॅगीच्या हातात दिला, आणि देताना मार्कसकडे असं पाहिलं की त्याला मायदेशी परतायचं तिकीट दिसायला लागलं.

"बोला, नर्स," ग्लेनिस म्हणाली.

मॅगी उभी राहिली. आता हिला गोड काहीतरी बोलू दे, एक खोटं बोललं तर सगळे सुटतील, असा मार्कसने देवाचा धावा केला. मॅगीने पदर सावरला.

"मॅडम, आवाज सुंदर आहे," ती म्हणाली. "गाणं मात्र तसंच आहे."

आधी एक बाई फिसकन हसली, मग सगळा हॉल. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात मोठ्याने ग्लेनिस हसली, पियानोला धरून.

"आणि गुडघा?" तिने डोळे पुसत विचारलं.

"अजिबात टेकायचा नाही."

मग कुणीतरी हॉटेलची एक साधी खुर्ची वर आणून ठेवली. शेवटचं गाणं ग्लेनिस खुर्चीत बसून गायली, आणि मॅगीने त्या दौऱ्यातलं पहिलंच गाणं गुडघ्याकडे न बघता ऐकलं.

कार्यक्रमानंतर हमझाने मार्कसला बाजूला घेतलं. बाई तुझ्या घरी कशा पोचल्या, असं विचारलं. मार्कसने खरं काय ते सांगितलं. हमझाने छताकडे बघितलं. "टॉयलेटचं कारण मी वर कळवू शकत नाही," तो म्हणाला. "आपण सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणू. उद्या विमानतळावर तूच सोडायचंस, त्यांनी तसं मागितलंय. आणि नर्सलाही आण म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी दोघी मागच्या सीटवर बसल्या. ग्लेनिसच्या मांडीवर मॅगीने पहाटे उठून केलेलं ताजं कालवण होतं, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. मनामा शहर मागे पडलं, पुलावर दोन्ही बाजूंना निळं पाणी आलं, आणि ग्लेनिस एक नवीन चाल गुणगुणायला लागली.

"ही कधीची?" मॅगीने विचारलं.

"आज सकाळची. निवृत्त व्हायचं की नाही ते ठरवायचंय. तुला काय वाटतं?"

"निवृत्तीचं मला काय विचारता? पण तिथे इतकं वर नका जाऊ. आवाज फाटतो."

ग्लेनिस थांबली, थोडा विचार केला आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात केली. मॅगीने मांडीवर ठेका धरला. विमानतळाचं दार आलं, सामानवाले पुढे सरसावले. आरशात दोघींचे डोळे मिटलेले दिसत होते, आणि चाल अजून अर्ध्यावरच होती. मार्कसने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी विमानतळाभोवती आणखी एका फेरीसाठी वळवली.