सूडाची बारा पानं

माझी थोरली जाऊ दरवर्षी घरातल्यांचं कॅलेंडर छापायची. बारा महिने, बारा फोटो, सगळे तिनेच काढलेले. वर्ष संपत आलं की एका रविवारी सासूबाईंच्या घरी जेवणं आटोपल्यावर ती पिशवीतून गुंडाळ्या काढायची आणि एकेक सगळ्यांच्या हातात ठेवायची. माझी मुलगी चालायला लागल्यापासून अशी चार कॅलेंडरं झाली, म्हणजे अठ्ठेचाळीस फोटो. त्यात ती एकदा आली. तीही अख्खी नाही. तिसऱ्या कॅलेंडरच्या ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या खुर्चीमागे एक कोपर दिसतं, ते तिचं.

जावेचा मुलगा ढब्बू मात्र जवळपास प्रत्येक पानावर. ढब्बू पुस्तक वाचताना, ढब्बू आजीच्या मांडीवर, ढब्बू नुसताच. त्याला जिथे बसवाल तिथे तो तासभर बसतो, टपालाच्या पेटीसारखा.

मागच्या वर्षी मी सगळ्यांसमोर विचारलंच. "ताई, आमच्या भिंगरीचा एकही नाही का?"

"अगं, तुझी पोरगी एका जागी टिकेल तर शपथ," जाऊ म्हणाली. "फोटोत यायचं तर आधी माणसानं थांबायला नको?"

सगळे हसले. माझा नवराही हसला. आणि सगळे हसतायत म्हणून भिंगरीही टाळ्या वाजवत हसली. ते माझ्या इतकं जिव्हारी लागलं की मी कॅलेंडर घरी नेलं आणि तसंच गुंडाळलेलं कपाटाच्या वर फेकलं. त्याच दिवशी ठरवलं, पुढचं कॅलेंडर मी छापणार आणि हिची चांगली जिरवणार.

मी पडदे शिवते. दोन मशीन आहेत, एक बाई मदतीला आहे. एका हॉटेलच्या बावीस खोल्यांचं काम हाती आलं, ते संपलं आणि मी कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. नवरा म्हणाला, "मोबाईल आहे की." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. 

दुकानदार वयस्कर होता, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी त्याला सरळ सांगितलं, "माझ्या जावेकडे आहे त्याच्यापेक्षा मोठा कॅमेरा द्या."

"तिच्याकडे कुठला आहे?"

मी मॉडेल पाठ करून आले होते. कॅमेरा आठ वर्षांपूर्वीचा, लेन्स कॅमेऱ्याबरोबर आली तीच.

"मोठा घेऊन मिरवायचंय का फोटो काढायचेत?" त्याने विचारलं. "कुणाचे काढणार?"

"मुलांचे. सासूबाईंच्या घरात."

"घरात म्हणजे केवढ्या खोलीत?"

हा प्रश्न मला आवडला. मापाचं विचारलं की मी माणसात येते. म्हटलं, "चौदा बाय बारा. उत्तरेला एक खिडकी, साडेचार फूट रुंद."

"उजेड येतो?"

"नाही. पडदे असतात. दुहेरी अस्तराचे."

"मग दिवसासुद्धा अंधार. आणि फ्लॅश?"

"सासूबाईंना अर्धशिशी आहे. फ्लॅश उडाला की त्यांचं डोकं ठणकतं. आमच्याकडे फ्लॅश बंद."

त्याने मान हलवली. मग समजावून सांगायला लागला. अंधार असला की कॅमेऱ्याला डोळा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात जे मूल हलेल ते फोटोत पुसलं जाणार. जे बसून राहील ते नीट येणार. "तुमच्या जावेच्या लेन्सने त्या खोलीत पळणाऱ्या मुलाचा फोटो निघणारच नाही," तो म्हणाला. "मीही काढू शकणार नाही. त्या पडद्यांआड कुणालाच जमायचं नाही."

ते पडदे मी शिवले होते. चार वर्षांपूर्वी, सासूबाईंच्या डोकेदुखीसाठी, मनापासून. कडेने उजेडाची रेघसुद्धा येऊ नये म्हणून भिंतीपर्यंत वळवून घेतले होते. सगळ्यांनी वाहवा केली होती, आणि सगळ्यात जास्त जावेनेच.

म्हणजे जावेनं काही केलं नव्हतं. हे मला त्या दुकानात, काउंटरला टेकून उभी असताना, अगदी स्वच्छ कळलं. खोटं का बोलू? कळलं, आणि रागाला काही फरक पडला नाही. उलट जास्तच चिडले. इतके दिवस मी तो राग जपला होता, त्याला आता कुठे ठेवायचं? आणि ती हसली होतीच की. ते काही पडद्यामुळे नव्हतं.

"मग मी कुठला घेऊ?" मी विचारलं.

त्याने मधल्या फळीवरचा एक साधा कॅमेरा काढला, जावेच्या कॅमेऱ्याहून लहानच. "पैसे लेन्समध्ये घाला. ही पस्तीसची, एक-पॉइंट-आठ. हा एक-पॉइंट-आठचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची खिडकी मोठी. हिच्यात त्या लेन्सच्या कितीतरी पट उजेड शिरतो. पन्नासची घेऊ नका, लोक घेतात आणि पस्तावतात. बारा फुटांच्या खोलीत पन्नासची लावली की मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते आणि फोटोत नुसतं नाक येतं."

मग म्हणाला, "फक्त एक सांभाळा." काउंटरवर त्याने दोन छोट्या बाहुल्या ठेवल्या, एक पुढे, एक हातभर मागे. फोटो काढून मला दाखवला. पुढच्या बाहुलीची पापणीन् पापणी दिसत होती. मागच्या बाहुलीच्या तोंडाच्या जागी गुलाबी डाग होता.

"खिडकी पूर्ण उघडली की असं होतं. जिच्यावर नेम धराल तेवढीच स्पष्ट. दोन मुलं असतील तर शेजारी शेजारी बसवा, नाहीतर आकडा चारवर न्या."

"परत दाखवा," मी म्हटलं.

त्याने परत दाखवलं. मग मी मागच्या बाहुलीवर नेम धरायला सांगितलं. पुढची पुसली गेली.

"म्हणजे कुणाला पुसायचं ते आपल्या हातात?"

तो हसला. "तसं कुणी विचारत नाही, पण हो."

मी कॅमेरा घेतला.

पुढचे नऊ महिने दर रविवारी मी त्या खोलीत जमिनीवर बसून काढले. आधीचे दोनेक महिने काहीच जमेना. भिंगरीचा कान स्पष्ट यायचा आणि डोळे विरघळलेले. मग कळलं की मुलीच्या जवळच्या डोळ्यावर नेम धरायचा आणि ती कुठे पळणार ते आधी ओळखायचं. कापड कात्रीत कुठल्या बाजूला सरकणार हे मला न बघता कळतं, तसंच हेही कळायला लागलं. आणि माझी पोरगी फोटोत यायला लागली. उडी मारताना, केस तोंडात घेऊन हसताना, टेबलाखालून बाहेर येताना. पहिला असा फोटो मी बसमध्ये कॅमेऱ्याच्या मागे बघत बसले आणि माझा थांबा मागे गेला.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. भिंगरीची बारा पानं छापायची, विषय संपला. पण मला उट्टं काढायचं होतं. ढब्बूला वगळायचं नव्हतं, वगळलं की बोंब झाली असती. तो प्रत्येक फोटोत पाहिजे होता. म्हणून मी थांबायचे. तो भिंगरीच्या मागे, चारपाच फुटांवर येईपर्यंत.

त्याला यायला फार वेळ लागायचा नाही. कॅमेरा दिसला की तो आपणहून यायचा. "काकू, मी येतोय ना?"

"येतोयस रे. तिथेच राहा."

तो शर्ट खाली ओढायचा, हाताने भांग बसवायचा आणि उभा राहायचा. मी भिंगरीच्या डोळ्यावर नेम धरायचे. आकडा एक-पॉइंट-आठच ठेवायचे. चारवर एकदाही नेला नाही.

जावेनं माझा कॅमेरा पाहिला होता. एकदा हातात घेऊन "हलका आहे गं" म्हणाली. भिंगरीचे फोटो बघायचे आहेत म्हणाली, तर मी म्हटलं, "कॅलेंडरमध्येच बघा ना ताई. या वर्षी मी छापते, तुम्हाला तेवढीच विश्रांती." तिने लगेच हो म्हटलं. खूश दिसली. तेव्हा मला वाटलं, नाटक करतेय.

छापखान्यातल्या माणसाने मात्र संगणकावर बारा पानं बघितली आणि विचारलं, "हे मागचं मूल सगळ्या फोटोंत अस्पष्ट आहे. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.

वर्षअखेरच्या रविवारी मी गुंडाळ्या वाटल्या. सासूबाईंनी चष्मा लावला. "अगंबाई, काय गोड आलीय पोरगी! स्टुडिओत काढल्यासारखे." थोरले दीर म्हणाले, "एकदम पुस्तकात असतात तसे." माझा नवरा कॉलर ताठ करून बसला, जणू त्यानेच काढलेत. कुणाला काही खटकलं नाही. मागे काहीतरी पुसट असतं, तसेच फोटो भारी असतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे.

जाऊ उभ्यानेच पानं उलटत होती. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जूनपर्यंत तिचा हात नेहमीसारखा चालला. मग हळू झाला. त्या खोलीत ते वाचता येणारी ती एकटीच होती, आणि मला तीच हवी होती. डिसेंबरचं पान बघून तिने कॅलेंडर नीट गुंडाळलं, रबर लावलं आणि कपबशा उचलून आत गेली.

मी मागोमाग गेले. काय म्हणते ते ऐकायचंच होतं. वर्षभर त्याचीच वाट बघितली होती.

ती नळाखाली कप धुवत होती. वळली नाही. "सगळे एक-पॉइंट-आठवर?"

"हो."

"बाराही?"

"अंधार असतो ना तिथे," मी म्हटलं.

"आकडा चारवर नेऊन दोघं आली असती. तुझा कॅमेरा नवा आहे, तेवढं पेलतो. मी वाचलंय त्याच्याबद्दल." तिने कप पालथा घातला. "माझ्याकडे भिंगरीचे तीनशेच्या वर फोटो आहेत. एकही पुसून टाकला नाही मी, आणि एकही धड नाही. दरवर्षी छापायच्या आधी सगळे उघडून बसायचे, एक तरी सापडतो का म्हणून. इतकी वर्षं गळ्यात कॅमेरा घालून फिरते आणि घरातली पोरगी मला टिपता येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून ते तसं बोलले. हसण्यावारी नेलं. चुकलंच माझं."

मी ओट्याला धरून उभी होते.

"मला जमत नव्हतं म्हणून ती आली नाही," जाऊ म्हणाली. "तुला जमतं, म्हणून तू हे केलंस."

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तोंडात मारल्यासारखं वाटलं. "तसं नाही ताई," मी म्हटलं. तिने नळ बंद केला नाही. मी बाहेर आले.

सासूबाईंनी तोवर जुनं कॅलेंडर काढून माझं खिळ्याला लावायला घेतलं होतं. ढब्बू दुसरी गुंडाळी जमिनीवर उघडून बसला होता, पानं दाबायला चारी कोपऱ्यांवर चपला ठेवून. बोटाने प्रत्येक फोटोत तो एकच जागा शोधत होता. भिंगरी शेजारी लोळत स्वतःलाच बघत होती.

त्याने मान वर केली. "काकू, सगळ्यांत माझंच तोंड का पुसलंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरा, दीर, खिळ्यापाशी हात वर केलेल्या सासूबाई. आतला नळ बंद झाला होता आणि जाऊ ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती.

"मी हललो का गं?" ढब्बूने विचारलं.

त्याच्या तोंडाकडे बघवेना.

"हो रे," मी म्हटलं. "जरासा हललास."

"सगळ्यात?"

"सगळ्यात."

त्याने मान खाली घातली. "पुढच्या वेळी नाही हलणार," तो म्हणाला, आणि एकेक चप्पल उचलून कॅलेंडर गुंडाळायला लागला.